धोंडीभाऊच्या वाटची सुई

टमाट्याचा ट्रक सुरतेला रिकामा करून आला, की धोंडीभाऊ बायकोला म्हणायचा, "जरा रक्त तपासून ये." आळेफाट्याला एड्सचे बोर्ड लागल्यापासून त्याने हे सुरू केलं होतं. स्वतः मात्र तो दवाखान्याची पायरी चढत नसे. बायको चांगली निघाली म्हणजे आपणही चांगलेच, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

चंद्रकला मग हातातली खुरपणी टाकून एसटी धरायची. रांगेत गावचं कुणी दिसलं की पदर पुढे ओढायची. या हेलपाट्यांना ती पार कंटाळली होती.

या खेपेला रिपोर्ट देणाऱ्या बाईंना तिने विचारूनच टाकलं, "माझं चांगलं म्हंजी मालकांचंबी चांगलंच ना?"

"नाही हो ताई. हा रिपोर्ट फक्त तुमचा. त्यांना रोग असून तुम्हाला लागला नसेल. किंवा नुकताच लागला असेल, तर तपासणीत एवढ्यात दिसणारही नाही. त्यांनाच यावं लागेल."

ती घरी आली तेव्हा धोंडीभाऊ खाटेवर लोळत होता.

"काय निघालं?"

"काय नाय."

"मग सुटलो बाबा!"

चंद्रकलेने त्याची वाकळ आणि उशी उचलली, दारातल्या ट्रकच्या केबिनमध्ये नेऊन टाकली आणि पायरीवर बसली.

"लई दमले मी," ती म्हणाली. "आता रांगेत तुमी उभं ऱ्हा. तवर तिथंच निजायचं."