सगळे हायत, चला

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचतो, आणि खरं सांगायचं तर बहुतेकांना हसतो. असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता. आमचं ख्रिस्ती घर, वडील शाळामास्तर. भूत हा शब्द काढला तरी पाठीत धपाटा बसायचा. तरी हे लिहितोय... कारण लोक याची जी गोड गोष्ट करून सांगतात, तिचा मला वीट आलाय.

चाळीसच्या दशकातली गोष्ट, लढाई चालू होती. टायर मिळायची मारामार. तरी दरवर्षी बाजरीची कापणी झाली की आमच्या चर्चच्या मंडळीतले पंधरा-वीस जण ऑक्टोबरातल्या एका शनिवारी नगरहून सायकलवर निघायचे, ते इमामपूरचा घाट उतरून घोडेगावच्या अलीकडच्या एका लहान गावी. रविवारी तिथं उपकारस्तुतीची, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायची उपासना असायची. प्रत्येकाच्या हँडलला नव्या कणसांची जुडी बांधलेली. आणि एक रीत होती — अर्पणाचं कणीस रस्त्यात पडू द्यायचं नाही. म्हणून सगळ्यांच्या शेवटी एक माणूस ठेवायचा. पडलेली कणसं उचलायची आणि कोणी मागे राहत नाही ना ते बघायचं, हे त्याचं काम. त्या वर्षी ते माझ्या थोरल्या भावाकडे, लुकादादाकडे होतं.

सगळ्यांत पुढे मंडळीचे उपदेशक, थॉमस मास्तर. ते मधूनमधून ओरडायचे, "मागं कोणी राहिलं का?" आणि शेवटून दादाचं ठरलेलं उत्तर यायचं, "न्हाई, सगळे हायत. चला." उत्तर आलं की पुढे जायचं, नाही आलं तर सगळ्यांनी उतरायचं. वळून कोणी बघायचं नाही. उसन्या आणलेल्या सायकली, ब्रेक यथातथाच, रस्ता दगडगोट्यांचा.

घाट उतरलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पांढरीपुलापाशी मास्तरांनी विचारलं. दादाचं उत्तर आलं. पुढे बाभळी लागल्या तिथं पुन्हा विचारलं, पुन्हा आलं. माझ्या मागे फक्त आमच्यातलाच शांतवन, आणि त्याच्या मागे दादा. आवाज इतका जवळचा, की 'चला' म्हणताना दादा थोडा हेल काढायचा, तोसुद्धा मला ऐकू आला.

गावात चर्चपाशी उतरलो, तेव्हा शांतवनच्या मागे कोणी नव्हतं.

"आत्ता तर बोलला," शांतवन म्हणाला. "माज्या मागंच हुता की."

कंदील घेऊन उलटे निघालो. दादा घाटातल्या वरच्या वळणाखाली सापडला — पुलाच्या कितीतरी आधी. सायकल रस्त्याकडेला दगडाला नीट टेकवून ठेवलेली. कणसं उचलायला वाकला आणि कडेची माती सुटली असावी. ती कणसं त्याच्या मुठीतच होती. मांडी फाटली होती, आणि तिच्यावर त्यानं स्वतःच्या हातानं पंचा आवळून बांधला होता. वर रस्त्याकडे सरपटत आल्याच्या खुणा होत्या. अंग अजून कोमट होतं.

डॉक्टर म्हणाले, पडल्यावर तासभर तरी जिवंत असणार. कोणी वेळेवर पोचलं असतं तर...

म्हणजे आम्ही तो आवाज ऐकून पेडल मारत होतो, तेव्हा दादा घाटात जिवंत पडला होता. मेलेल्या माणसाचा आवाज असता, तर एक वेळ भूत म्हणून मी सोडून दिलं असतं.

थॉमस मास्तर मातीला आले तेव्हा आईचा हात धरून म्हणाले, "लुकाची आई, त्यानं शेवटपर्यंत आपलं काम केलं. त्याच्या आत्म्यानं आम्हाला सुखरूप पोचवलं." लोकांनी माना डोलावल्या. आईनं हात सोडवून घेतला.

"तुमी म्हनता त्यो माजा लुकाच हुता. मंग मास्तर, त्यो 'थांबा' का न्हाई म्हनला?"

तरी पुढच्या कापणीच्या उपासनेत मास्तरांनी उपदेशात तीच गोष्ट सांगितली, विश्वासू सेवकाची म्हणून. मी उठून बाहेर आलो. परत कधी त्या फेरीला गेलो नाही.

लोकांनी कारणं पुष्कळ सुचवली. घाटातला प्रतिध्वनी, म्हणे — अहो, पुलापाशी घाट संपलेला असतो. कोणीतरी थट्टेनं उत्तर दिलं असेल, म्हणे — शांतवन मरेपर्यंत सांगत होता की आवाज त्याच्या मागून आला. मला यातलं काहीच पटलं नाही. तो आवाज कोणाचा, हे मला आजही माहीत नाही. दादाचा नव्हता, एवढं मात्र मी धरून बसलोय. दादा तिकडे घाटात आम्हाला हाका मारत असणार... आणि इकडे कोणीतरी त्याच्याच आवाजात आम्हाला 'चला' म्हणत होतं.