राऊटर कुठे लावू?

राऊटर लावायला अर्धा तास लागतो. ऐकून घ्यायला जास्त. बारा वर्षं इंदूरमध्ये हेच काम करतोय, त्यामुळे सांगण्यासारखं बरंच साठलंय.

मल्हारगंजात एका कापडवाल्या सेठजींची तक्रार होती, रेंजच येत नाही. गेलो तर राऊटर कुठे दिसेना. वायर मात्र लोखंडी कपाटात शिरलेली, कपाटाला कुलूप.

"सेठजी, अंदर क्यों रखा?"

"भिया, नई चीज है. किसी का हाथ लग गया तो?"

बाहेर काढून भिंतीवर लावला. दुकानभर नेट पळायला लागलं. सेठजी खूश. मग हळूच म्हणाले, "इसमें ताला कहाँ लगेगा?"

माझा जोडीदार नीलेश साताऱ्याहून नवीनच आलेला, फोनवर तक्रारी घ्यायचा. सांवेरच्या एका शेतकऱ्याला त्याने सांगितलं, "राऊटर बंद करके चालू करो."

"रुको," म्हणाला तो. मग फोनवर नुसता मोटारसायकलचा आवाज. वीस मिनिटांनी म्हणतो, "घर जाके कर दिया भिया. अब वापस खेत पे हूँ. चल रिया है क्या?"

सांवेर रोडच्या एका कारखान्यात मॅनेजर देशपांडे साहेब. म्हणाले, "पासवर्ड अवघड द्या. कामगार दिवसभर व्हिडिओ बघतात."

दिला. पुढच्या आठवड्यात गेलो तर गेटवर पाटी: 'यह पासवर्ड किसी को न बताएँ.' आणि खाली पासवर्ड.

"साहेब, हे काय?"

"अहो, मलाच आठवत नव्हता."

मागच्या महिन्यात सुदामानगरात सुलभाकाकूंकडे गेलो. काकांना जाऊन वर्ष झालेलं. घरातलं नेट-बिट सगळं तेच बघायचे. जुना राऊटर जळला, म्हणून मुलाने बंगळुरूहून नवा पाठवला होता. "आई, आता वाय-फायला नवीन नाव टाकून घे," असं तो फोनवर सांगत होता.

काकूंनी त्याला "बरं" म्हटलं. फोन ठेवल्यावर मला म्हणाल्या, "नाव जुनंच राहील का रे? ह्यांनी दिलेलं?"

"राहील की. काय नाव होतं?"

त्यांनी मोबाईलच माझ्या हातात दिला. सेव्ह केलेल्या यादीत एकच नाव होतं: 'सुलू चहा ठेव'.

एकेक अक्षर तपासून मी तेच टाकलं. पासवर्ड काकांच्या डायरीत सापडला, तोही तोच ठेवला. राऊटरचा हिरवा दिवा लागला, काकूंच्या मोबाईलने आपोआप नेट पकडलं.

काकूंनी चष्मा लावून स्क्रीनवरचं नाव वाचलं. उठल्या, आणि ओट्याजवळून विचारलं, "आलं घालू ना?"