चुलीवरचा लहान गंज

आमच्या घरी चुलीवर रोज भाताचे दोन गंज चढायचे. आमच्याकडे पातेल्याला गंज म्हणतात. मोठ्यात माझा भात, लहानात मांजरांचा. निदान मी तसं समजत होतो.

मी आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. आंबागडहून भंडाऱ्याला जाऊन, खोली करून शिकलो आणि तुमसरला सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागलो. हे सांगताना मला आजही संकोच वाटत नाही. बाप मी कॉलेजात असतानाच गेला होता. बहिणी सासरी. आंबागडच्या घरी माय, मी आणि तीन मांजरं. भंडाऱ्याच्या खानावळीत मला मोकळ्या भाताची सवय लागली होती. शीत न् शीत सुटं पाहिजे. गिच्च झाला की मी ताट सारायचो. मायनं कधी वाद घातला नाही. माझ्यासाठी चिन्नोर तांदळाचा भात मोकळा शिजवायची आणि लहान गंजात कनकी, म्हणजे तांदळाची चुरी, पार लगदा होईस्तोवर.

माझं जेवण झालं की मी ओसरीत पेपर घेऊन बसायचो. ती आत मांजरांना घालायची. मी चिडवायचो, "माय, मांजरांचे लय लाड करून राहिली तू." ती तोंडावर पदर घेऊन हसायची.

धान कापणीच्या दिवसांत, दोन दिवसांच्या तापात ती गेली. तेरवी झाली, बहिणी आपापल्या गावी गेल्या. दुसऱ्या दिवशी कचेरीतून येऊन सायकल लावली, तर तिन्ही मांजरं उंबऱ्यावर बसलेली. त्यांना काय घालायचं, कुठं घालायचं, मला काहीच ठाऊक नव्हतं.

मी शिकलेल्या माणसासारखा विचार केला. सगळ्यांना सारखं. दूध आणलं, मोकळा भात कालवला आणि एका परातीत ठेवला. काबरीला नुकतीच पिल्लं झाली होती. तिनं गुरगुरत एकटीनं बहुतेक परात साफ केली. बोक्याला दूध सोसत नव्हतं, हे मला सकाळी माझ्या पुस्तकांच्या पेटीवर दिसलं. आणि म्हातारी भुरी, जी नेहमी मायच्या मांडीला टेकून बसायची, तिनं भात हुंगला आणि चुलीमागं जाऊन बसली.

मग मी फुटकी कवेलू, म्हणजे छपराची कौलं घेतली, एकेकाला एक. बोक्याला सुकी मासोळी अंगणात. काबरीला दूधभात गोठ्यात, तोही आधी, नाहीतर ती दुसऱ्यांच्या कवेलूवर यायची. चार-पाच दिवसांत त्या दोघांचं बसलं. भुरीचं बसेना. दूध दोनदा चाटून सोडून द्यायची. मासोळीचं डोकं तोंडात घोळवून खाली टाकायची. तिच्या पाठीची हाडं हाताला लागू लागली.

आल्यागेल्यानं पाहून म्हणावं, "मायच्या मांगं जाते आता हे." मलाही ते पटलं. खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं, की घरात माझ्यासोबत दुःख करणारं कोणी आहे. कचेरीत लोक दोन दिवस हळहळून कामाला लागले होते. संध्याकाळी मी चुलीपुढं बसून तिच्याशीच बोलायचो. मायजवळ रोज बसलेलं तिच्याशिवाय त्या घरात कोणी उरलं नव्हतं. ती जाऊ नये, एवढंच मला हवं होतं.

एका रविवारी शेजारची काकू आपलं सूप परत न्यायला आली. भुरीपुढं मासोळीचं डोकं तसंच पडलेलं तिनं पाहिलं.

"हे काय देऊन राहिला रे बाबू तिले?"

"खातच नाही, काकू. मायचा घोर घेतला तिनं."

काकूनं भुरीला उचललं आणि बोटानं तिचा जबडा उघडला. "घोर कायचा! पाय, एक तरी दात हाये का? लगदा घाल तिले. तुयी माय आपल्या ताटातला घालत होती ना."

"मायच्या ताटातला कसा? मांजरांचा गंज वेगळा होता."

काकूनं भुरीला खाली ठेवलं. "मांजरांसाठी कोन गंज चढवते, बाबू? तो तुया मायचा होता. तिच्या दाढा पडून दोन सालं झाले. मोकळा भात तिले चावेच ना. बी.ए. झाला म्हनते, अन् घरात काय शिजते मालूम नाही!"

"मला सांगितलं नाही तिनं."

"मी म्हनलं होतं सांग म्हनून. तं म्हने, पुसलं तं सांगीन."

काकू सूप घेऊन गेली. गावातल्या लोकांचे अर्ज मी लिहून द्यायचो, कोणाला काय होतंय ते विचारून विचारून लिहायचो. दोन वर्षं मी आधी जेवलो, ती मागून जेवली, आणि एकदाही मी आत जाऊन बसलो नाही. हसताना पदर कशाला यायचा, तेही तेव्हा कळलं.

त्या दिवशी मी लहान गंज घासून चढवला. कनकी पार लगदा होईस्तोवर शिजवली, निवू दिली. माय बसायची तिथं, चुलीच्या डाव्या अंगाला बसलो आणि ताटाच्या कडेला बोटानं थोडा लावला. भुरी बराच वेळ आली नाही. मग आली, मांडीला टेकली आणि चाटू लागली. मध्ये थांबली नाही. त्यानंतर ती आणखी दीड वर्ष जगली.

त्या दिवशी उरलेला लगदा मी खाल्ला. अगदी अळणी लागला. माय त्यात मीठ घालायची, की भुरीसाठी तसाच खायची? दुसऱ्या दिवशी मी कुंपणाशी जाऊन काकूला विचारलं.

"ते मले काय मालूम, बाबू," काकू म्हणाली. "तिच्यासंग एका घरात तं तू राहत होता."