पेटी निर्दोष होती

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की माझी पेटी निर्दोष होती.

भिलाईत भट्ट्या उभ्या राहत होत्या तेव्हाची गोष्ट. मी कारखान्यात नवा फिटर आणि सुटीच्या दुपारी आईच्या भजनी मंडळाचा पेटीवाला. वरच्या क्वार्टरमध्ये एका रशियन इंजिनिअरची बायको राहायची. ती ओबो वाजवायची. ओबो म्हणजे सनईची परदेशी मावसबहीण. तोंडाशी तशीच बोरूची पत्ती, आवाज तसाच काळजात घुसणारा. बाई दिवसभर एकटी, भिंतींना ऐकवायची. आईला ते बघवेना. तिने हातवारे करून बाईला भजनाला बोलावून टाकलं.

मंडळात मुख्य आवाज शेजारच्या काकूंचा. त्या फणकारल्या, "त्या पिपाणीनं सूर बिघडला तर पुन्हा नाही बोलवायचं तिले. सांगून ठेवतो, वहिनी."

"अवं, एक डाव ऐक तं खरं," आई म्हणाली.

बाई आली. अंगात फुलाफुलांचा फ्रॉक, कपाळावर आईने लावलेलं कुंकू. मी सा धरला. ओबो चढा लागला. बाईने पत्ती जराशी बाहेर ओढली, नळी तेवढी लांब झाली आणि सूर उतरून माझ्या सा ला चिकटला. आईचा चेहरा असा, जणू पत्ती तिनेच ओढली.

पण बाहेर लू सुटलेली, खिडक्या बंद, खोलीभर बायका. तापलं की फुंकेचं वाद्य चढतं. तिसऱ्या भजनाला ओबो वर सरकू लागला. बाईने पत्ती आणखी ओढली. त्यापुढे ओढती तर हातातच आली असती. मग ती डोळ्यांनी मला विनवू लागली, तूच ये वर. मी कसा येणार? पेटीचे सूर जन्माचे ठोकलेले. ती वर, मी खाली. आईने कपाळाला हात लावला.

आणि काकू? काकू डोळे मिटून ओबोचं बोट धरून वर निघाल्या होत्या. त्यांच्यामागे अख्खं मंडळ. खाली उरलो मी, एकटा इमानदार.

भजन मधेच थांबवून काकू कडाडल्या, "बंद कर रे तुही पेटी! बाई इतकी सुरात वाजवून राहिली, अन् तू कावून बेसूर करून राहिला?"