दाराबाहेरची खुर्ची

सिल्व्हर पार्कमधल्या त्या बिल्डिंगीत पंचशीलाला सगळे शिष्ट म्हणायचे. म्हणोत बापडे. आजारी माणसाला बघायला जायची आपली रीत, आणि ही बाई बघायला आलेल्यांना दारातूनच परत पाठवायची. बुद्धपौर्णिमेची खीरसुद्धा उंबऱ्यावरच घ्यायची आणि पुन्हा उकळायची.

कारण आत मानसी होती. नऊ वर्षांची पोर, आजीची किडनी बसवलेली. शरीराने ती किडनी नाकारू नये म्हणून रोज गोळ्या, आणि त्याच गोळ्यांनी पोरीची आजाराशी झगडायची ताकद काढून घेतलेली. डॉक्टर म्हणाले होते, "आपल्याला फ्लू म्हणजे चार दिवसांची कणकण. हिला झाला तर किडनीवर बेतेल." तेव्हापासून जिन्यात कुणी शिंकलं तरी पंचशीला दचकायची. दोन वर्षं हेच चाललं होतं. जीव मेटाकुटीला आला होता.

त्या थंडीत परभणीहून सासू आली, तुळसाबाई. नातीसाठी जीव टाकत आली, पण नाक गळतंय, खोकला थांबत नाही. पंचशीलाने खुर्ची बाहेर टाकली.

"आत्या, इथंच बसा."

"माझी किडनी आत, अन् मी बाहीर?"

पंचशीलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण ती दारातून हलली नाही. म्हातारीने जिन्यातच चहा घेतला आणि भाईंदरला लेकीकडे राहायला गेली.

पंधरवड्यात तुळसाबाई खडखडीत बरी झाली आणि इकडे पंचशीलाचंच अंग तापलं. बाजारातून आणलं की कुठून, कोण जाणे. नवरा कामावर गेलेला. तिने फोन करून सासूला बोलावलं, तोंडाला पदर बांधला आणि त्याच खुर्चीवर बाहेर जाऊन बसली. साऱ्या दुनियेला अडवलं आणि आजार आपणच घरात आणला. रात्री पोर तिच्याच कुशीत झोपली होती. तिला रडू आवरेना.

तुळसाबाई आली. टोमणा मारायला याहून चांगली वेळ नव्हती, पण ती साबणाने हात धुऊन आत गेली. दार लोटलं गेलं.

"ताप न्हाई हिला," बऱ्याच वेळाने आतून आवाज आला. "अजून तरी न्हाई. डाक्टरला कळवलंय."

पंचशीला धडपडत उठायला गेली.

"बस म्हणते ना," सासू म्हणाली. "दोन वर्सं दारात उभीच हाईस."