स्ताम्काची तीन कोकरं

आमच्या डोंगरात स्ताम्काइतकी हट्टी बाई दुसरी नाही, आणि हे मी, तिची शेजारीण, तिच्या तोंडावरही सांगते. नवरा गेल्यावर तिने मेंढ्या विकल्या आणि लेकीकडे, रोसित्साकडे, प्लोव्दिव शहरात राहायला गेली. चौथ्या मजल्यावर कसाबसा पंधरवडा काढला नि बस धरून परत आली. "खिडकीतून समोरच्यांच्या चादरी दिसतात गं," म्हणाली, "मी काय चादरी राखू?"

मग चार मेंढ्या घेतल्या. रोसित्साने अट घातली, "आई, यंदाची पिल्लं जगली तर राहा. नाहीतर मुकाट्याने गाडीत बसायचं." पिल्लांत तीन माद्या निघाल्या. नवा कळप त्यांच्यापासूनच होणार, म्हणून बाईचा जीव त्यांच्यात अडकलेला. मार्च लागला तसा सगळ्यांच्या गळ्यात मार्ताआजीचा, म्हणजे मार्च महिन्याच्या आजीबाईचा, लाल-पांढरा दोरा बांधला; पहिला करकोचा दिसेपर्यंत तो सोडायचा नाही, अशी आमच्याकडची रीत. नरांना साधा, आणि या तिघींना जाड वेणी, वर मुठीएवढा गोंडा. दृष्ट लागायला नको ना!

महिनाअखेरीस एका सकाळी त्यातली एक मागच्या पायांवर उभीच राहीना. मागचं अंग फरफटत नुसती बें बें करायची. दुपारपर्यंत दुसरी बसली, संध्याकाळी तिसरी. नर मात्र टणाटण उड्या मारत होते.

"संपलं सगळं," स्ताम्का म्हणाली. उद्याच रोसित्सा यायची होती, आणि पिल्लं बसल्याचं फोनवर तिला कळलंही होतं.

मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते पलीकडच्या खोऱ्यात एका अडलेल्या गाईपाशी होते. म्हणाले, "आधी गोचीड शोधा. एकेका गोचिडीने पाय लुळे पडतात. सापडली तर चिमट्याने मुळासकट ओढा."

आम्ही कान पाहिले, काखा पाहिल्या, शेपटीखाली पाहिलं. काही नाही. मग माझं लक्ष त्या गोंड्याकडे गेलं.

"दोरा सोड बघू."

"वेडी झालीस? करकोचा दिसल्याशिवाय सोडतात का?"

"अगं बये, पोरी मरायला टेकल्यात नि तू पक्ष्याची वाट बघतेस?"

"आज सोडला आणि वर्षभर इडापिडा मागे लागली तर? तू निस्तरणार?" असं म्हणून ती खरंच अंगणात जाऊन आभाळाकडे बघत उभी राहिली. मला हसावं की तिला एक ठेवून द्यावी, कळेना.

तेवढ्यात पहिल्या पिल्लाचे पुढचे पायही दुमडले. मान खाली पडली. स्ताम्का धावत आत आली, कात्री घेतली आणि तिने स्वतःच ती वेणी कापली. खाली, लोकरीत तोंड खुपसून, वाटाण्याएवढी टम्म फुगलेली गोचीड. दुसरीच्या गळ्यात दोन. तिसरीच्या गळ्यात एक.

"मीच घर बांधून दिलं गं मेलीला!" ती कपाळावर हात मारत म्हणाली.

"बोलू नंतर. चिमटा धर."

रात्रभर तिने तिघींना मांडीवर आळीपाळीने घेऊन बाटलीने दूध पाजलं. मी सकाळी देवाचं नाव घेतच गोठ्याचं दार ढकललं. दोघी आईच्या सडाला लागलेल्या, शेपट्या भिरभिरताहेत. आणि पहिली, जिची मान पडली होती ती, जरा झोकांड्या खात, पण चार पायांवर माझ्याकडेच येत होती. मला रडू फुटलं, लपवू कशाला.

स्ताम्का तिथेच भिंतीला टेकून, लेंड्यांत फतकल मारून बसली होती. रडून रडून डोळे सुजलेले आणि तोंडभर हसू.

बाहेर गाडीचा आवाज झाला. रोसित्सा दारात आली. "आई, अशी काय बसलीस? ऊठ. कपडे भरलेस का?"

"बसू दे गं," स्ताम्का म्हणाली. "मला आता कुठं जायचंय?"

रोसित्साने दूध पिणाऱ्या पिल्लांकडे पाहिलं. मग तिने गाडीची किल्ली खिशात टाकली आणि शहरातल्या चांगल्या कपड्यांनिशी आईशेजारी लेंड्यांत बसली.