उजेड दिसतोय व्हय?

आमच्या शेजारची मावशी कुणाच्याही घरी गेली की आधी दार लावून घ्यायची, फरशीला गाल टेकायची आणि दाराखालच्या फटीतून बाहेर बघायची. "उजेड दिसतोय व्हय? मंग तेल येनार," म्हणायची.

तिला म्हणायचं असायचं पाणी. पडेगावातली आमची खोल्यांची ओळ उताराला होती. पाऊस लागला की रस्त्यावरचं पाणी दाराखालून थेट स्टोव्हपर्यंत यायचं. नवरे कंपनीत, आम्ही बायका फटीत पोती कोंबत बसायचो. मी नवी नवरी, जीभ सैल. "मावशी, तेल आलं तर बरंच की, भजी तळू!" ती हसायची, "तोंड लई चालतं तुजं," म्हणत पाठीत धपाटा घालायची आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेलच म्हणायची.

एकाच गोष्टीमागे लागलेली अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. शहागंजच्या बाजारातून सायकलची जुनी ट्यूब आणून तिनं माझ्या दाराच्या तळाला पट्टी ठोकून दिली. सिमेंटचा उंबरा घातला, त्याला बाहेरच्या बाजूनं उतार काढला. मग मला बाहेर उभं करून म्हणाली, "वत आता." मी कळशी ओतली. आत ती पुन्हा गाल टेकून. "न्हाई आलं!" असं म्हणाली, ते लहान पोरासारखं खूश होऊन. त्या पावसाळ्यात माझ्या घरात थेंब आला नाही.

तिच्या स्वतःच्या दारालाही तशीच पट्टी, आणि उंबरा तर इतका उंच की येणारा-जाणारा ठेचकाळायचा.

एकदा गहू निवडताना मी सहज विचारलं, "मावशी, तेलच का म्हणता हो?" तिचा हात सुपातच राहिला. विद्यापीठाच्या नावावरून गावोगाव दलितांच्या वस्त्या पेटवल्या गेल्या, तेव्हाचं तिनं सांगितलं.

"दाराखालून राकेल सोडलं, पोरी. आधी हाक मारली. आवाज वळखीचा व्हता, म्हून मी कडी काढाया उठले. तवर भडका उडाला. मी मागल्या कुडातून निगाले. मालक आतच ऱ्हायले."

माझं माहेर जमीनवाल्यांचं. ते तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तरी तिनं माझ्या दाराला पट्टी ठोकली होती. त्यानंतर मी भज्यांचं नाव काढलं नाही.

काही वर्षांनी नावाचा वाद पुन्हा तापला. बसवर दगड पडले, दुकानं मिटली, कोपऱ्याकोपऱ्यावर माणसं दबक्या आवाजात बोलू लागली. मावशी बाहेर दिसेना. मला राहवेना, म्हणून भर दुपारी मी दुधाची बरणी घेऊन गेले आणि हाक मारली.

"हातात काय हाय?" आतून आवाज आला.

"दूध. मावशी, मी आहे हो. आवाज ओळखला नाही का?"

"वळखला की."

कडी वाजली नाही. आत बादली सरकली, ओलं पोतं दाराशी दाबल्यासारखं झालं, आणि जिथून कधी थेंब गेला नव्हता त्या पट्टीखालून पाण्याचा बारीक ओघळ माझ्या पायाशी आला.

मला फार लागलं. रागही आला, पण तो तिच्यावर नव्हता. बरणी उंबऱ्याबाहेर ठेवून मी परतले.

सकाळी तिच्या दाराला कुलूप होतं. बरणी तशीच होती, झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं.